नफ्यातला शेअर विकताना या चुका टाळा

तोट्यातला शेअर कापून टाका, हे सगळेच सांगतात. गडबड होते ती शेअर नफ्यात असताना. १०० ला घेतला, १०६ झाला की हात शिवशिवायला लागतात. विकला आणि तो १४० ला गेला की महिनाभर चरफड.

सगळ्यात महागात पडते ती हीच घाई. शेफ्रिन आणि स्टॅटमन या दोन संशोधकांनी १९८५ मध्ये तिला 'डिस्पोझिशन इफेक्ट' असं नाव दिलं: नफ्यातलं पटकन विकायचं, तोट्यातलं उराशी धरून बसायचं. पुढे टेरेन्स ओडीन या संशोधकांनी एका ब्रोकरकडची १०,००० खाती तपासली (निबंध १९९८ चा). लोकांनी विकलेले नफ्यातले शेअर पुढच्या वर्षभरात, त्यांनी ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरपेक्षा सरासरी ३.४ टक्क्यांनी सरस ठरले.

हिशेब करून बघा. सारख्या रकमेचे १० सौदे. ६ बरोबर आले, पण प्रत्येकात ४ टक्क्यांवर पळ काढला: २४. चार चुकले, प्रत्येकी १० टक्के गेले: ४०. दहातले सहा अंदाज बरोबर येऊनही खातं लालच.

उलटी चूक माझी स्वतःची. वहीत टार्गेट लिहिलं होतं १३०. भाव १२९ ला आला तेव्हा मीच ते खोडून १५० केलं. कंपनीबद्दल नवीन काही कळलं होतं का? काही नाही, नुसती हाव. शेवटी १०८ ला बाहेर पडलो. ती खाडाखोड अजून वहीत आहे. टार्गेट बदलायला हरकत नाही, पण शेजारी कारण लिहिता आलं पाहिजे, आणि 'मस्त पळतोय' हे कारण नव्हे.

यावर उपाय म्हणून लोक ट्रेलिंग स्टॉपलॉस लावतात (स्टॉपलॉस म्हणजे भाव ठरलेल्या पातळीला घसरला की विकायची ऑर्डर; भाव वाढेल तशी ती पातळी वर सरकवली की झाला ट्रेलिंग) आणि तो फारच जवळ लावतात. रोज ३ टक्के हलणाऱ्या शेअरला २ टक्क्यांचा ट्रेल म्हणजे पहिल्याच हेलकाव्यात बाहेर. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडलेला एटीआर (अ‍ॅव्हरेज ट्रू रेंज) हा आकडा शेअरची सरासरी हालचाल दाखवतो. त्याच्या दोन-तीन पट अंतर ठेवलं तर शेअरला श्वास घ्यायला जागा राहते. ट्रेल वर सरकवायचा, खाली कधीच नाही. आणि भाव गॅपने, म्हणजे आदल्या दिवसाच्या भावापेक्षा एकदम, खाली उघडला तर साधा स्टॉपलॉस ठरवलेल्या भावाला नव्हे, मिळेल त्या भावाला निघतो. 'यापेक्षा कमी भावाला विकू नको' असं लिमिट लावलं तर कदाचित निघतच नाही.

अर्धे विकून उरलेले चालू ठेवणं मला पटतं. पण 'मुद्दल निघालं, आता उरलेले फुकटचे' हे मनातून काढा. आज त्यांचा जो भाव आहे तेवढे पैसे तुमचेच आहेत, आणि ते बुडाले तर तुमचेच बुडणार. स्टॉपलॉस त्यांनाही हवाच.

विकल्यावर भाव वर गेला तर परत घेता येतो. मात्र तो नवा सौदा: नवी एंट्री, नवा स्टॉपलॉस, नवं टार्गेट. आपण कितीला विकला होता, तो आकडा त्यात आणायचा नाही.