मे महिन्यात आटलेल्या, तापलेल्या नदीवर लूर कसा चालवायचा

उन्हाळा लागला की ठाणे, कळवा, ऐरोली, बेलापूरकडची गरवणारी मंडळी पहिलं हेच विचारतात, की दादा लूर, म्हणजे माशाला फसवायचं खोटं आमिष, कुठला घेऊ. माझं सरळ म्हणणं आहे की एप्रिलच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंत लूर हा शेवटचा प्रश्न. आधी पाण्यात ऑक्सिजन कुठाय ते शोधा, मग वेळ ठरवा, मग हळू चालायला शिका, आणि मग बॅगेतला बॉक्स उघडा. डोह बरोबर निवडला तर दोनच लूरवर सगळी सकाळ निघते, चुकला तर अख्खं दुकान घेऊन गेलात तरी काय होणार नाही.

आपण सगळे लूर फिशिंग शिकतो ते व्हिडिओ बघून आणि त्यातले निम्मे ट्राउटचे असतात. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा, पाणी २० डिग्रीच्या आसपास पोचलं की जाणते लोक रॉड बंद करून घरी जातात, कारण तेवढ्या पाण्यात धरून सोडलेला ट्राउट बऱ्याचदा नंतर मरतो. ट्राउट पाहिजे तर हिमाचलात कुलू, तीर्थनकडे जावं लागेल, आपल्या उल्हास, काळू, पाताळगंगेत तो नाही आणि मे महिन्यात आपलं पाणी २० च्या जवळपासही येत नाही. पण त्यांचं एक गणित इथेही तसंच चालतं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, २० डिग्रीला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० डिग्रीला साडेसातच्या आसपास, आणि नेमकं तेव्हाच गरम पाण्यामुळे माशाला तो जास्त लागतो. म्हणजे आवक कमी आणि खर्च जास्त. मग मासा करतो काय, तर पाणी फेसाळत पडतं तिथे जातो, सावलीत जातो, खोलात जातो, आणि दुपारी खाणं बंद करतो.

यात एक गंमत आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते. पहाटे पाणी सगळ्यात गार असतं म्हणून पहाट चांगली, हे वाहत्या पाण्याला बरोबर. पण साचलेला, शेवाळ आणि जलपर्णीने भरलेला डोह असेल तर तिथे उलटं होतं, कारण झाडं दिवसा ऑक्सिजन सोडतात आणि रात्रभर तोच वापरतात, त्यामुळे असल्या डोहात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो पहाटेच. तुम्ही साडेपाचला पोचलात आणि मासे तोंडं वर काढून पाण्याच्या पातळीवर आचके देताना दिसले तर ते खायला वर आलेले नाहीत, त्यांचा श्वास कोंडलाय. तिथे लूर टाकू नका. धार शोधा, पुढे चला.

मरळ मात्र याला अपवाद. तिला डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूला हवेतून श्वास घ्यायची सोय आहे, त्यामुळे ती सडक्या, गरम, कमी ऑक्सिजनच्या पाण्यातही टिकते, फक्त थोड्या थोड्या वेळाने वर येऊन हवा घ्यावी लागते. हेच आपल्या कामाचं. जलपर्णीच्या कडेला दहा मिनिटं गप बसा, मोबाईल खिशात, आणि ऐका. गपकन असा एक जाड आवाज येतो, मागे दोन-चार बुडबुडे आणि हलणारी पानं. ती जागा डोळ्यात धरून ठेवायची. चिलापी (तिलापिया) उडते तेव्हा चळक असा हलका आवाज येतो, दोन्हीतला फरक एक-दोन सकाळीत कानाला कळतो.

आता जागा. उल्हास कर्जतपासून बदलापूरपर्यंत रेल्वेच्या बाजूबाजूने जाते, त्यामुळे ठाण्याहून पहिली कर्जत लोकल पकडून वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड कुठेही उतरलं तरी नदी आवाक्यात आहे. नवी मुंबईवाल्यांना पनवेलवरून जुन्या हायवेने खालापूरकडे पाताळगंगा जास्त सोयीची. या दोन्ही नद्या मे महिन्यात साफ कोरड्या पडत नाहीत त्याचं कारण वर घाटावर आहे. खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं, घाटमाथ्यावरच्या धरणांचं पाणी पाईपातून खाली येतं, टर्बाईन फिरवतं आणि पुढे पाताळगंगेत आणि उल्हासमध्ये सुटतं. हे पाणी उन्हात तापलेल्या डबक्यापेक्षा गार असतं, आणि ते आलं की मेलेली नदी जागी होते. पाणी चढायला लागल्यावर पहिला अर्धा तास कडेच्या दगडांत जी हालचाल होते ती दिवसभरातली सगळ्यात चांगली वेळ असं मी म्हणेन.

पण तेच पाणी जीव पण घेतं, हे नीट वाचा. वीज हवी तेव्हा पाणी सुटतं, आभाळ कोरडं असलं तरी. तुम्ही नदीच्या मधल्या कातळावर उभे आहात आणि मागे ओलांडून आलेला उथळ पट्टा अचानक मांडीपर्यंत येतो. पाणी गढूळ व्हायला लागलं, काड्या-पालापाचोळा एकदम वाहत आला, कोरड्या दगडावर ओली रेघ वर सरकायला लागली, यातलं एक जरी दिसलं तरी मासा लागलेला असेल तर लाईन कापा आणि काठावर या. पोचल्यावर गावातल्या माणसाला विचारा, पाणी कधी येतं दादा, त्यांना रोजचं माहीत असतं. शेवाळलेल्या कातळावर साध्या चपला घालून जाऊ नका, आणि एकटे तर अजिबात जाऊ नका.

बदलापूरच्या खाली मी कोणाला पाठवत नाही. तिथून पुढे कारखान्यांचं आणि शहरांचं पाणी मिसळतं, कल्याण-मोहनेकडे जलपर्णीचा गालिचा असतो, आणि तिथला मासा खाऊ तर नयेच. ऐरोली-वाशीवाले म्हणतील खाडी दारातच आहे की. पण ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीतही आला, तिथे हौसेखातर रॉड घेऊन जाणं बरोबर नाही. जिताड्याचा नाद असेल तर तो भरती-ओहोटीचा वेगळा खेळ आहे, वेगळा लिहिण्यासारखा. धरणं आणि तलाव बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, त्यामुळे तिथे आधी परवानगी, मग रॉड.

सामान थोडकं ठेवा. साडेसहा-सात फुटी मिडियम स्पिनिंग रॉड, २५०० किंवा ३००० साइजचं रील, २० पाउंडचा ब्रेड (विणलेली लाईन), पुढे दीड-दोन हात १५ पाउंडचा लीडर, म्हणजे लूरकडच्या टोकाचा वेगळा तुकडा. काही जण म्हणतात पाणी स्वच्छ आहे म्हणून एकदम बारीक लाईन घ्या, मला ते उन्हाळ्यात पटत नाही. बारीक लाईनवर मासा दहा-दहा मिनिटं खेळवावा लागतो आणि गरम पाण्यात दमलेला मासा सोडल्यावर सावरत नाही. लीडर बारीक चालेल, पण मासा पटकन काठावर आणता आला पाहिजे. जलपर्णीत मरळेसाठी जाणार असाल तर ब्रेड ३० पाउंडच्या वरच पाहिजे, नाहीतर ती बुडात घुसली की लाईन आणि मासा दोन्ही गेले, आणि तोंडात काटा अडकलेला मासा मागे राहतो ते वेगळंच.

लूर माझ्या मते तीन पुरेत. एक चार-पाच ग्रॅमचा स्पिनर, म्हणजे ओढताना पातं फिरणारा लूर, पातं सोनेरी किंवा काळपट, चकचकीत चांदीवालं नको कारण कमी आणि नितळ पाण्यात भर उन्हात ते आरशासारखं चमकतं आणि मासा पळतो. दुसरा दोन इंची तपकिरी-हिरवट सॉफ्ट प्लास्टिक (मऊ लूर), हलक्या जिगहेडवर, म्हणजे वजनाचं डोकं असलेल्या काट्यावर. तिसरा पोकळ रबरी फ्रॉग, मरळेसाठी. ट्रेबल (तीन टोकांचे) काटे काढून सिंगल लावा आणि बार्ब, म्हणजे टोकामागचं उलटं दातरं, पक्कडीने दाबून टाका, सोडताना माशाचं तोंड फाटत नाही आणि तुमच्या बोटात गेला तर तुमचाही दवाखाना वाचतो.

आता एक डोह घेऊ आणि तो कसा खेळायचा ते बघू. समजा वरून दगडांतून धार पडते, खाली काळा खोल डोह, एका काठाला करंज आणि जांभूळ वाकलेलं, आणि शेवटी पाणी परत उथळ होऊन निघून जातं. वाहत्या पाण्यात मासा तोंड प्रवाहाकडे करून असतो, म्हणून तुम्ही खालच्या अंगाने वर जायचं, म्हणजे त्याच्या पाठीमागून. पांढरा, पिवळा शर्ट नको. सूर्य पाठीशी असेल तर सावली पाण्यावर पडते, ती आधी बघा आणि तशी बाजू बदला. कातळावर टाच आपटून चालू नका, तो धक्का पाण्यात जातो. काठाच्या टोकावर न जाता चार पावलं मागे, शक्य असेल तर गुडघ्यावर.

पहिला टाका (लूरची फेक) लांब मारायचा मोह सगळ्यांना होतो, तो आवरा. आधी जवळचं, डोहाच्या शेपटाकडचं उथळ पाणी, मग मधलं, मग झाडाची सावली, आणि सगळ्यात शेवटी धारेच्या तोंडाशी. आधीच लांब मारलात तर लाईन सगळ्या माशांच्या डोक्यावरून जाते आणि एका टाक्यात डोह संपतो. स्पिनर धारेच्या थोडा वर, फेसात पडू द्या, तिथे पडल्याचा आवाज लपतो, मग पाण्याच्या वेगापेक्षा जरासंच जास्त, फक्त पातं फिरत राहील एवढंच गुंडाळत खाली आणा. फेस संपतो आणि पाणी काळं होतं ना, त्या रेघेवर मासा थांबलेला असतो, दमछाक न होता ऑक्सिजन मिळतो आणि खाणं वाहत समोर येतं. जांभळं पिकून पाण्यात पडत असतील तर झाडाखाली सॉफ्ट प्लास्टिक नुसता टपकन पडू द्या, दोन सेकंद काही करू नका. एका डोहात आठ-दहा टाके खूप झाले. काही नाही लागलं तर पुढचा डोह, तिथेच पाणी घुसळत बसू नका.

मरळेला फ्रॉग चालवताना तो जलपर्णीच्या पानावर टाका आणि तिथून हळूच पाण्यात उतरवा, मोकळ्या पाण्याच्या कडेला थांबवा. मघाशी आवाज आला होता तिथून हातभर पुढे. ती पाणी फोडून फ्रॉगवर येते तेव्हा छातीत धस्स होतं आणि हात आपोआप रॉड खेचतो, तिथेच नव्वद टक्के मासे सुटतात. फ्रॉग दिसेनासा होऊ द्या, लाईनला वजन लागू द्या, मग जोरात. आणि पाण्यावर केशरी-लालसर पिल्लांचा गोळा वर-खाली करताना दिसला तर ती पिल्लं राखणारी मरळ आहे, ती भुकेने नाही, रागाने लूरवर येते. तिला काढलं की ती सगळी पिल्लं बाकीच्या माशांच्या पोटात. प्लीज, तिथून निघा.

वेळ म्हणाल तर मे मध्ये सहाच्या सुमारास सूर्य वर येतो, तेव्हा रॉड हातात पाहिजे, साडेआठ-नऊला बंद. संध्याकाळी साडेपाचनंतर अंधार पडेपर्यंत, पण दिवसभर तापलेलं पाणी संध्याकाळी गार झालेलं नसतं म्हणून मला सकाळच बरी वाटते. मत्स्यालयाचं काचेचं थर्मामीटर मिळतं ते बॅगेत ठेवा, सावलीत, कोपरभर खोल धरून दोन मिनिटं थांबायचं. माझा नियम असा, २८ पर्यंत खुशाल खेळा, ३० च्या वर गेलं की बाकी माशांना हात लावायचा नाही, मरळ बघायची नाहीतर चहा प्यायला नेरळ स्टेशन.

मासा लागल्यावर तो ओल्या हातानेच धरा. मे महिन्यातला कातळ तव्यासारखा असतो, त्यावर फोटोसाठी ठेवलेल्या माशाची त्वचा भाजते, नंतर तो पोहत गेला तरी जगत नाही. काटा पाण्यातच काढा, फोटो पाहिजेच तर कॅमेरा आधी तयार ठेवून एक झटका आणि परत पाण्यात. सोडताना तोंड धारेकडे, पोटाखाली नुसता हात, कल्ले नीट उघडझाप करायला लागले आणि त्याने स्वतः शेपूट मारलं की जाऊ द्या. महाशीर लागला तर तो घरी न्यायचा नाही, चर्चा नाही. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीरची पिल्लं तयार करून पाण्यात सोडायचं काम झालंय, ते उगाच नाही. बदलापूरच्या वरची एखादी मरळ कालवणाला नेली तर माझं काही म्हणणं नाही. चिलापी तर हवी तेवढी न्या, ती मुळात आफ्रिकेतली, १९५२ मध्ये भारतात आणली आणि आता आपल्या माशांच्या जागा खाऊन बसलीय.

आटलेल्या डोहात ब्लीचिंग पावडर किंवा सुरुंग टाकून मासे मारणारे पण याच महिन्यात दिसतात. स्वतः भांडायला जाऊ नका, गावच्या सरपंचाला, पोलीस पाटलाला सांगा, फोटो असेल तर उत्तम. एका पिशवीने त्या डोहातलं पिल्लांसकट सगळं संपतं. विजेच्या तारांखालून जाताना कार्बन रॉड आडवा धरा, त्यातून करंट जातो. तुटलेली लाईन खिशात, पक्ष्यांच्या पायात अडकते.

आणि पहिला जोराचा पाऊस झाला, वलगण सुरू झाली, ओढ्यांतून मासे वर चढायला लागले की रॉड पुसून ठेवून द्या. ते पोटात अंडी घेऊन चढत असतात. रील खोलून वाळू काढा, काट्यांना तेल लावा, लूर कोरडे करून डब्यात टाका, आणि नवरात्राच्या आसपास पाणी निवळलं की परत कर्जत लोकल.