मारुतच्या पोटातली रॉकेट-पेटी अचूक कशी रेखाटावी

पंखाखाली टांगलेली रॉकेटं काढणं सोपं असतं, ती समोर दिसतात. हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या (एचएएल) मारुत या लढाऊ विमानाचं तसं नाही. जर्मन विमानरचनाकार कुर्ट टँक यांनी आखलेल्या आणि १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडालेल्या या विमानाच्या नाकात ३० मिमीच्या चार एडन तोफा आहेत, दोन्ही बाजूंना दोन-दोन. शिवाय पुढच्या चाकामागे, थेट पोटात, ६८ मिमीच्या ५० रॉकेटांची, ‘मात्रा’ या फ्रेंच कंपनीची पेटी. मारा करताना ती खाली उतरते, एरवी आत राहते, त्यामुळे पंखाखाली टांगलेल्या रॉकेट-नळकांड्यासारखा हवेचा रोध सोसावा लागत नाही. चित्र चुकतं ते नेमकं इथेच.

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात मारुत उघड्यावर ठेवलेलं आहे. महालक्ष्मी स्टेशनवरून चालत जाता येतं. ढगाळ दिवस निवडा. भर दुपारी पोटाखाली काळी सावली पडते आणि पत्र्यांचे सांधे दिसत नाहीत. मोबाइलच्या वाइड लेन्सने जवळून फोटो काढलात तर नाक ताणलेलं दिसेल. त्यापेक्षा विमानाला समांतर सरकत, प्रत्येक वेळी तेवढंच अंतर ठेवून पाच-सहा फोटो घ्या आणि प्रत्येकाचा मधला तिसरा भागच वापरा. परवानगी मिळाली तर एक मीटरची पट्टी चाकाजवळ उभी धरून तीही फोटोत घ्या. पट्टी विमानाच्या पुढे-मागे असेल तर माप फसतं.

मुख्य चित्रासाठी १:४८ हे प्रमाण धरा. १५.८७ मीटर लांबी ३३.१ सेंमी होते, ३.६० मीटर उंची ७.५ सेंमी. बाजूचं चित्र ए-३ कागदावर आरामात बसतं. वरून दिसणारं चित्र वेगळ्या कागदावर काढा, ९ मीटरचा पंखविस्तार १८.७५ सेंमी होईल. ट्रेसिंग पेपर मात्र टाळा. मुंबईच्या दमट हवेत तो फुगतो, पावसाळ्यात तर सकाळी जुळलेली रेघ संध्याकाळी जुळत नाही. पॉलिएस्टरची ड्राफ्टिंग फिल्म महाग पडते, पण माप धरून ठेवते. तिच्यावर बोटांचा तेलकटपणा लागला की शाई धरत नाही, म्हणून हाताखाली कागदाचा तुकडा ठेवा.

१:४८ मध्ये एक रॉकेट जेमतेम १.४ मिमीचं होतं. ०.१ मिमीच्या पेनानेही ५० वर्तुळं एकमेकांत मिसळून डाग होतो. म्हणून मुख्य चित्रात पेटीची फक्त बाह्यरेषा द्या आणि नळ्यांसाठी वेगळं तपशीलचित्र १:१० मध्ये करा. तिथे रॉकेट ६.८ मिमीचं होतं, वर्तुळांच्या टेम्प्लेटमधलं ७ मिमीचं भोक नळीला चालतं. या रॉकेटांचे शेपटीकडचे पर (पातळ पाती) मिटलेले असतात, नळीबाहेर पडल्यावर उघडतात. नळ्या इतक्या खेटून बसतात त्या त्यामुळेच. उघडे पर नळीत दाखवलेत तर जाणकाराला पहिल्याच नजरेत खटकेल. नळ्यांची मांडणी समोरून काढलेल्या जुन्या फोटोवरूनच घ्या. तसा फोटो हाती नसेल तर पेटी बंद दाखवा. अंदाजाने मांडलेल्या ५० नळ्यांपेक्षा बंद पेटीचं चित्र जास्त खरं.

दोन चुका वारंवार दिसतात. जमिनीवरच्या फोटोवरून काम केलं की चाकं बाहेर राहतात आणि त्याच चित्रात कोणीतरी पेटीतून रॉकेटं सुटताना दाखवतं. मारा हवेत होतो, तेव्हा चाकं आत असतात. दुसरी चूक दोन आसनी मारुतला पेटी जोडण्याची. मागच्या वैमानिकाला जागा देण्यासाठी ती पेटीच काढून टाकली होती. त्यामुळे आधी आसनं मोजा, मग पोटाकडे वळा.

रंग मात्र वरळीच्या विमानावरून उचलू नका. उघड्यावरच्या विमानांना पुन्हा रंग चढवला जातो. आकार आणि सांधे प्रत्यक्ष विमानावरून, रंग सेवेतल्या काळाच्या फोटोंवरून. शेवटी कोपऱ्यात प्रमाण आणि स्थिती स्वच्छ लिहा: ‘मारुत, एक आसनी, चाकं आत, पेटी खाली, १:४८’.