पंगतीतलं रहस्य : खाण्याभोवती फिरणारी हलकीफुलकी रहस्यकथा कशी लिहावी

खाण्यापिण्याभोवती गुंफलेल्या रहस्यकथा, म्हणजे इंग्रजी वाचकांच्या ‘कलिनरी कोझी’, वाचायला जितक्या सोप्या तितक्याच रचायला किचकट. अमेरिकेत हा प्रकार चांगलाच रुजला आहे. डायन मॉट डेव्हिडसन यांची कोलोरॅडोतली केटररबाई १९९० मध्ये आली, जोॲन फ्ल्यूक यांची मिनेसोटातली कुकीज विकणारी नायिका २००० मध्ये. दोघींच्या मालिका वर्षानुवर्षं चालल्या. ‘मॅलिस डोमेस्टिक’ या संमेलनात अशा सौम्य रहस्यकथांना ॲगाथा पुरस्कार देतात, आणि विजेत्याच्या हाती चक्क चहाची किटली येते.

आपल्याकडे रहस्यकथांची आवड दिवाळी अंकांनी जोपासली. ‘धनंजय’ या अंकाचं नाव घेतलं की वाचकाला रहस्यकथाच आठवतात. पण पंगती, खानावळी, फराळाच्या ऑर्डरी यांत केवढा मालमसाला पडून आहे! तो वापरायचा असेल तर एकच कसोटी धरून चला : कथेतून पदार्थ काढून टाकला की कोडं कोसळलं पाहिजे. नायिका अधूनमधून थालीपीठ लावते आणि गुन्हा मात्र मोबाइलच्या लोकेशनवरून उघड होतो, असं असेल तर ती साधी रहस्यकथा झाली.

१. आधी नायिकेचा धंदा ठरवा

स्वभाव, वय, प्रेमप्रकरण नंतर. धंदा असा हवा की ती कुणाच्याही घरात, कोठीत, माजघरात सहज जाऊ शकेल आणि लोक तिच्यासमोर बोलतील. डबे पोहोचवणाऱ्या बाईला कुणाचा डबा भरलेलाच परत येतो, कुणी अचानक मीठ सोडलं, कुणाची उधारी तटली, हे सगळं न विचारता कळतं. पोळीभाजी केंद्र, घरगुती मसाले, फराळ, यातलं काहीही चालेल. तुम्ही स्वतः जवळून पाहिलेलं काम घ्या, कारण बारकावे ऐकीव असले की लगेच उघडे पडतात.

आपण उदाहरणापुरतं वाईतलं एक मंगल कार्यालय घेऊ. नायिका तिथली आचारीण, सगळ्यांची मावशी. लग्नाच्या दिवशी दुसरी पंगत उठल्यावर कार्यालयाचा व्यवस्थापक कोठीघरात मेलेला सापडतो.

२. गुन्हा शेवटाकडून रचा

कुणी केलं, का केलं, किती वाजता, कोणत्या दाराने गेला, हे सगळं एका पानावर लिहून काढा आणि मगच पहिलं प्रकरण सुरू करा. हेतू घरगुती ठेवा : लाटलेली अनामत रक्कम, वाटणीतला गोठा, दडपलेली पावती. मारहाण पानावर नको. वाचकाला प्रेत सापडलेलं दिसावं, इतपत पुरे. मेलेला माणूस थोडा खाष्ट असला तर कथेचा हलकेपणा टिकतो, पण त्याच्यासाठी रडणारं एक तरी माणूस ठेवाच. नाहीतर सगळं फार कोरडं होतं.

शोध घ्यायला नायिकेकडे सबळ कारण हवं, आणि इथे ते आयतंच मिळतं. जेवणाच्या वेळी माणूस मेला की पहिला संशय जेवणावर. शवविच्छेदनात डोक्याला मार लागल्याचं निघेपर्यंत गावभर मठ्ठ्याचं नाव झालेलं असतं आणि मावशीच्या पुढच्या तीन लग्नांच्या ऑर्डरी रद्द झालेल्या असतात. आता ती गप्प बसणार नाही.

३. पदार्थातूनच पुरावा काढा

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. कथेच्या धंद्यात रोज जे घडतं, पण बाहेरच्याला दिसत नाही, ते शोधा. मोदकाच्या कळ्यांवरून कुणाचा हात ते ओळखू येतं. करंजीला कातण्याची कड आहे की हाताची मुरड, यावरून ती कोणत्या घरातली ते कळतं. पाक एकतारी की दोनतारी, यावरून तो किती वेळ चुलीवर होता याचा अंदाज बांधता येतो.

आपल्या कथेसाठी हळद घेऊ. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो, हे कपडे धुणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. कोठीघरात झटापट होते, हळदीचा डबा कलंडतो, मारेकऱ्याच्या पांढऱ्या झब्ब्याच्या बाहीला हळद लागते. तो मोरीत जाऊन घाईघाईने साबण चोळतो, डाग लाल होतो, आणि नीट न खळबळताच तो बाहेर येतो. लग्नघरात लाल डागाकडे कोण बघतं? ‘दारात टिळा लावताना कुंकू सांडलं,’ एवढं म्हटलं की झालं.

हा डाग पहिल्या चाळीस पानांत, भर गर्दीत, एका वाक्यात दाखवा. उलगडा होताना मावशी पानातली लिंबाची फोड उचलते आणि बाहीवर पिळते. लाल डाग डोळ्यांदेखत पिवळा होतो.

आता पळवाटा बुजवा. पहिली : लग्नात हळद असतेच. म्हणून हळदीचा कार्यक्रम आदल्या दिवशी उरकलेला असू द्या आणि हा माणूस थेट मुहूर्ताला आलेला. दुसरी : हळदीपासून केलेलं पारंपरिक कुंकूही आंबटाने पिवळं पडू शकतं. म्हणून करंड्यातलं कुंकू बाजारी रंगाचं आहे, हे आधीच्या एखाद्या प्रसंगात येऊ द्या. एखादी आजी त्यावरून कुरकुरली तरी चालेल. हे प्रयोग जुन्या पांढऱ्या फडक्यावर स्वतः करून बघा, कुंकवासकट. डाग किती वेळात उमटतो, नेमका कसला लाल होतो, हे पाहिल्यावरच त्या प्रसंगाची वाक्यं खरी उतरतील.

४. जेवणाचा क्रम म्हणजे घड्याळ

डागावरून एवढंच कळतं की माणसाला हळद लागली होती. तो कोठीघरात गेला, हे धरायला दुसरा धागा हवा, आणि तोही ताटातलाच. पहिल्या पंगतीला आलं-कोथिंबीर लावलेला मठ्ठा होता. तो संपला म्हणून दुसरीला नुसतं ताक गेलं. कुठल्या पंगतीला काय वाढलं याचा तक्ता करून भिंतीवर लावा. मग मारेकरी आणि मावशी यांचा पुढचा संवाद अगदी सहज लिहिता येतो :

‘मावशी, मी दुसऱ्या पंगतीलाच होतो की. मठ्ठ्याला आलं काय छान लागलं होतं!’

‘आवडला ना? बरं झालं,’ म्हणत मावशीने त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.

एवढंच. तिथे तिला चमकायला लावू नका, पुढच्याच ओळीत खुलासाही नको. सगळं वाचकासमोर ठेवायचं आणि लगेच भाताकडे लक्ष वळवायचं.

५. विषाला घाई नको

ॲगाथा ख्रिस्तींनी पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या रुग्णालयात औषधं बनवण्याचं काम केलं होतं. १९२० मध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्या कादंबरीतलं विष त्या माहितीवर उभं आहे. आपल्याकडे ती माहिती नसेल तर विष टाळावं, असं माझं स्पष्ट मत आहे. इंटरनेटवरून उचललेलं विष कथेत नेहमी उपरं वाटतं.

६. माणसं मोजकी, पोलीस शहाणे

संशयित चार-पाच पुरेत. प्रत्येकाला एकेक लपवण्यासारखी गोष्ट द्या, ती खुनाची नसली तरी. नवरीचा मामा जिलब्यांचं पातेलं गुपचूप घरी पाठवतो, तर त्याची थापही खरीच वाटते. फौजदाराला मूर्ख करू नका. कायद्याचं काम त्याचं, स्वयंपाकघराचं ज्ञान मावशीचं. तिने सांगितलेलं तो तपासून बघतो, इतका आदर दोघांत असला की संवाद गोड होतात.

७. कृती छापायची तर करून बघून

या कथांत शेवटी पाककृती देण्याची चांगली पद्धत आहे. मठ्ठ्याची कृती उलगड्यानंतरच द्या, आधी दिली तर आल्याकडे बोट दाखवल्यासारखं होतं. पंगतीचं माप घरच्या चौघांसाठी उतरवा : ताक किती वाट्या, आलं किती, मीठ केव्हा. मग मजकूर अशा माणसाला वाचायला द्या ज्याने आयुष्यभर मोठा स्वयंपाक केला आहे. ‘दीडशे पानांना एवढं ताक पुरत नाही,’ असं ते म्हणाले, तर तक्ता पुन्हा मांडा. कदाचित मठ्ठा पहिल्याच पंगतीत अर्ध्यावर संपेल आणि तुमचा मारेकरी आणखी लवकर खोटं बोलेल.