जीवशास्त्राच्या पेपरातलं रसायनशास्त्र: या चुका टाळा

अकरावीच्या वर्गात दर वर्षी एक तरी जण सांगतो, "सर, गणित टळावं म्हणून बायोलॉजी घेतलं." दिवाळीच्या आत त्याच्यापुढे लॉग येतो, मोल (कण मोजायचं एकक) येतो, आणि तो व्याख्या पाठ करायला लागतो. जीवशास्त्राच्या पेपरात रसायनशास्त्राच्या ज्या चुका मी तपासतो, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ हेच. जिथे मोजायचं असतं, तिथे मुलं शब्द घोकतात.

टक्के सारखे, म्हणजे द्रावण सारखं?

दवाखान्यात लावतात त्या दोन बाटल्या आठवा. एकीवर सोडियम क्लोराईड 0.9 टक्के लिहिलेलं असतं, दुसरीवर डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज, 5 टक्के. दोन्ही द्रावणं रक्ताशी समपरासारी मानली जातात, म्हणजे त्यांच्यामुळे रक्तपेशीतलं पाणी ना बाहेर ओढलं जात ना आत शिरत. वर्गात एका मुलीने विचारलं होतं, "मग एकात पाचपट जास्त माल कसा?" प्रश्न अगदी बरोबर होता, आणि उत्तर पाठांतरात सापडत नाही.

टक्के वजन सांगतात. परासरणाला, म्हणजे पेशीच्या पटलातून पाणी ये-जा करण्याला, वजनाशी देणंघेणं नाही, त्याला कण किती ते हवं असतं. एका लिटरमध्ये मीठ 9 ग्रॅम. मिठाचा एक मोल 58.44 ग्रॅमचा, म्हणजे 0.154 मोल. पाण्यात पडल्यावर मिठाचे सोडियम आणि क्लोराईड असे दोन आयन (विद्युतभार असलेले कण) सुटे होतात, म्हणून कण झाले 0.308 मोल. ग्लुकोज लिटरमध्ये 50 ग्रॅम, एक मोल 180 ग्रॅमचा, म्हणजे 0.278 मोल. ग्लुकोज फुटत नाही, त्यामुळे कणही तेवढेच. दोन्ही आकडे 0.3 च्या आसपास आले आणि रक्तद्रवाचाही आकडा तिथेच आहे. मुलं नेमकं "गुणिले दोन" विसरतात आणि मिठाचं द्रावण अर्ध्या ताकदीचं ठरवून मोकळी होतात.

याच धड्यातली दुसरी चूक दिशेची. कैरीच्या फोडींना रात्री मीठ लावून ठेवलं की सकाळी पातेल्यात पाणी सुटलेलं असतं. मुलं लिहितात, "मीठ पेशीत शिरलं." आधी पाणी बाहेर आलं. मीठ आतपर्यंत मुरतं ते नंतर, पेशी मेल्यावर, पटलाची राखण संपल्यावर.

प्रॅक्टिकलला रससंकोच (पाणी गेल्याने पेशीतला ऐवज आकसणं) दिसत नाही, ही तक्रार तर ठरलेली. रिओ या झाडाच्या पानाची साल खालच्या, जांभळ्या बाजूची काढायची असते. घाईत वरची हिरवी बाजू सोलली तर रंगच नाही, मग आकसलेलं काय दिसणार? साल जाड निघाली तरी तेच. मिठाचं द्रावण घातल्यावर लगेच मान वर करू नका, काही मिनिटं थांबा. संकोच दिसला की तीच साल साध्या पाण्यात घालून बघा. पेशी जिवंत असेल तर पुन्हा फुगते. एवढं करून दाखवलंत तर परीक्षक तोंडी परीक्षेत फार छळत नाहीत, असा माझा अनुभव.

आणि द्रावण करताना: एक मोलर द्रावण म्हणजे एक लिटर पाण्यात एक मोल पदार्थ टाकणं नव्हे. पदार्थ आधी थोड्या पाण्यात विरघळवायचा, मग एकूण आकारमान एक लिटर होईल इतकं पाणी घालायचं.

पीएचची सरासरी काढू नका

डेन्मार्कमधल्या सोरेन्सन यांनी पीएचची, म्हणजे आम्लता मोजायची, मोजपट्टी 1909 मध्ये मांडली, तीही विकरांवर (एन्झाइम्सवर) काम करताना, कार्ल्सबर्ग या बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत. म्हणजे ही भानगड केमिस्ट्रीवाल्यांनी आपल्या गळ्यात मारलेली नाही, ती आपल्याच गरजेतून आली.

पीएच 1 ने उतरला की हायड्रोजन आयन दहापट होतात. पीएच 2 आणि पीएच 4 ची तीव्र आम्लाची द्रावणं सारख्याच आकारमानात मिसळली तर 3 येत नाही, साधारण 2.3 येतो. आयन मोजा: 0.01 आणि 0.0001 यांची सरासरी 0.005 च्या जरा वर. रक्ताचा पीएच 7.4 वरून 7.1 झाला तर "फक्त 0.3 चा फरक" असं लिहू नका. आयन जवळजवळ दुप्पट झालेत आणि पेशंट आयसीयूत आहे.

तीव्र (आम्लाचे किती रेणू आयन सोडतात) आणि संहत (द्रावणात आम्ल किती आहे) यांचीही गल्लत होते. 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच सुमारे 1, तेवढ्याच ॲसेटिक आम्लाचा सुमारे 2.9, कारण ॲसेटिकच्या शंभरातला जेमतेम एखादा रेणू आयन सोडतो. पाणी घालून हायड्रोक्लोरिक आम्ल विरल होतं, सौम्य होत नाही.

एटीपीचा बंध तुटला की ऊर्जा सुटते?

पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या रेणूबद्दल हे वाक्य निम्म्या उत्तरपत्रिकांत असतं. कुठलाही बंध तोडायला ऊर्जा खर्चावी लागते. मिळते ती नवे बंध जुळताना. फ्रिट्झ लिपमान यांनी 1941 मध्ये एटीपीच्या फॉस्फेटसाठी नागमोडी रेघ वापरली, आणि त्या रेघेत ऊर्जा कोंडलेली आहे असा समज तेव्हापासून चिकटला. खरं म्हणजे जमाखर्च दोन्ही बाजूंचा बघायचा. एटीपीत ऋण भारांचे फॉस्फेट एकमेकांना रेटत दाटीने बसलेले असतात. पाण्याशी अभिक्रिया (जलापघटन) झाली की ते सुटे होतात, पाण्याचे रेणू त्यांना वेढतात, फॉस्फेट जास्त स्थिर होतो. खर्च वजा जाऊन प्रमाण स्थितीत मोलमागे सुमारे 30.5 किलोज्यूल शिल्लक उरतात, ती आपली ऊर्जा. उत्तरात "बंध तुटल्याने" ऐवजी "एटीपीच्या जलापघटनाने" लिहा, वाद मिटतो.

हायड्रोजन बंध नेमका कुठे?

आकृतीत मुलं तो एकाच पाण्याच्या रेणूत, हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या मध्ये दाखवतात. तिथे सहसंयुज बंध असतो, मोलमागे सुमारे 460 किलोज्यूलचा. हायड्रोजन बंध एका रेणूचा हायड्रोजन आणि शेजारच्या रेणूचा ऑक्सिजन यांच्यात, साधारण 20 चा. म्हणून पाणी उकळताना शेजाऱ्यांची फारकत होते, रेणू फुटत नाही. चहाच्या आधणात वर येणारे मोठे बुडबुडे वाफेचे असतात. "हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायूंचे" असं उत्तर मला बारावीतही मिळालंय. डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआर यंत्रात डीएनए सुमारे 95 अंशांना तापवतात, तेव्हाही हेच होतं: हायड्रोजन बंध सुटून दोन धागे एकमेकांपासून वेगळे होतात, पण धागा तुटत नाही.