जुन्या गाडीतील ब्रेक फ्लुइडची छुपी गळती शोधताना या चुका टाळा

ब्रेकची द्रवयंत्रणा बंद असते. त्यातील फ्लुइड इंधनासारखे जळून जात नाही किंवा उघड्यावरच्या पाण्यासारखे उडूनही जात नाही. त्यामुळे टाकीतील पातळी उतरली, तर ते फ्लुइड कोठेतरी गेले आहे एवढे निश्चित समजावे. जुन्या गाडीत अडचण अशी होते की पातळी उतरत राहते, पण गाडीखालची जमीन मात्र कोरडी असते. मग मालक वरून थोडे फ्लुइड ओततो आणि गाडी चालवत राहतो. छुप्या गळतीच्या बाबतीत सर्वांत धोकादायक चूक हीच आहे.

पातळी उतरण्याचे एक निर्दोष कारणही असते आणि शोधाची सुरुवात तेथूनच करावी. डिस्क ब्रेकचे पॅड झिजत जातात तसे कॅलिपरमधील (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातील) पिस्टन हळूहळू बाहेर सरकतात, त्यांच्यामागे निर्माण झालेली जागा फ्लुइडने भरते, आणि टाकीतील पातळी अनेक महिन्यांच्या काळात वरच्या खुणेपासून खालच्या खुणेकडे येते. अशा वेळी पॅड न तपासता टाकी काठोकाठ भरली, तर पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले जातात, जास्तीचे फ्लुइड टाकीच्या झाकणातून बाहेर येते आणि तो ओघळ पाहून नसलेल्या गळतीचा शोध सुरू होतो. म्हणून आधी पॅडची जाडी पाहावी, गाडी सपाट जागी उभी करून टाकीवर पातळीची खूण करावी आणि मगच निष्कर्ष काढावा. पॅड जाड असताना पातळी उतरत असेल किंवा भरल्यानंतर काही दिवसांत पुन्हा उतरली असेल, तर ती गळतीच आहे. जागा सापडून दुरुस्ती होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये. ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग असले, तरी एका मार्गावर गाडी थांबवायला लागणारे अंतर फार वाढते.

दुसरी चूक म्हणजे गळती फक्त जमिनीवर शोधणे. जमिनीपर्यंत न पोहोचणाऱ्या गळतीची तीन ठिकाणे मला सर्वांत महत्त्वाची वाटतात, आणि त्यांत पहिले आहे ब्रेक बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा. मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या जोराने फ्लुइडवर दाब आणणाऱ्या मुख्य सिलिंडरच्या) मागच्या टोकाचे सील झिजले, की फ्लुइड बाहेर न येता थेट बूस्टरच्या पोटात जाते. बूस्टरला इंजिनाकडून निर्वात मिळत असल्यामुळे ते फ्लुइड आत ओढले जाते, आणि प्रमाण वाढले तर त्यातले काही निर्वाताच्या नळीवाटे इंजिनात जाऊन जळते व सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. हा धूर पाहून कित्येकदा हेड गॅस्केटवर संशय घेतला जातो. खूण ओळखण्यासाठी मास्टर सिलिंडर जेथे बूस्टरला जोडलेला असतो, त्या जोडाच्या खालची बाजू पाहावी. तेथे रंग फुगलेला किंवा सोललेला असेल, तर तो बहुधा फ्लुइडनेच खाल्लेला असतो. खात्री करण्यासाठी इंजिन बंद करून पेडल अनेकदा दाबावे, म्हणजे बूस्टरमधील निर्वात संपतो. नंतर मास्टर सिलिंडरचे नट सोडून तो किंचित पुढे घ्यावा आणि मागची बाजू कोरड्या पांढऱ्या कापडाने पुसून पाहावी. हे करताना ब्रेकच्या जुन्या नळ्या वाकवू नयेत, कारण गंजलेली नळी अशा हालचालीने तडकू शकते. बूस्टरमध्ये फ्लुइड साचलेले आढळले, तर केवळ नवा मास्टर सिलिंडर बसवून थांबू नये. आतील रबरी पडदा फ्लुइडने खराब झालेला असू शकतो, त्यामुळे बूस्टरचीही तपासणी करून घ्यावी.

दुसरे ठिकाण म्हणजे मागच्या चाकांचे ड्रम. व्हील सिलिंडरमधून (चाकातील लायनर ड्रमवर दाबणाऱ्या छोट्या सिलिंडरमधून) झिरपणारे फ्लुइड ड्रममधील धुळीत मुरते, त्याचा चिकट गाळ तयार होतो आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही. चाकाच्या आतल्या बाजूवर किंवा बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या स्थिर पत्र्याच्या) खालच्या कडेला ओलसर ओघळ दिसेपर्यंत ब्रेक लायनर भिजून गेलेले असतात. म्हणून ड्रम काढल्याशिवाय मागचा ब्रेक निर्दोष आहे असे म्हणू नये. ड्रम काढल्यावर व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांच्या रबरी टोप्या हलकेच उचलून पाहाव्यात. आत किंचित ओलावा असणे चालते, पण फ्लुइड वाहून आले तर सिलिंडर गळत आहे हे निश्चित. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्यामुळे ती धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नये, ओल्या पद्धतीने साफ करावी. भिजलेले लायनर धुऊन पुन्हा वापरण्याचा मोह होतो, परंतु सच्छिद्र लायनरमध्ये मुरलेले फ्लुइड पूर्णपणे निघत नाही. त्यामुळे दोन्ही चाकांचे लायनर जोडीनेच बदलावेत.

येथे आणखी एक गोंधळ होतो. मागच्या ॲक्सलचे सील फाटून त्यातील तेल ड्रममध्ये आले, तरी चित्र असेच दिसते. दोहोंत फरक करण्याची सोपी पद्धत आहे. ओलावा कापडावर घेऊन ते पाण्यात बुडवावे. डॉट ३, डॉट ४ किंवा डॉट ५.१ (फ्लुइडच्या डब्यावर लिहिलेली प्रत) प्रकारचे ग्लायकॉलवर आधारित फ्लुइड पाण्यात मिसळून जाते, तर गियरचे तेल पाण्यावर तवंग धरते. सिलिकॉनवर आधारित डॉट ५ फ्लुइड मात्र पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे ते वापरणाऱ्या गाडीत या चाचणीवर विसंबू नये.

तिसरे ठिकाण ब्रेकचे नसतेच. अनेक गाड्यांत हायड्रॉलिक क्लचला फ्लुइड ब्रेकच्याच टाकीतून मिळते. ब्रेकसाठी पुरेसे फ्लुइड शिल्लक राहावे म्हणून क्लचची नळी सहसा टाकीच्या वरच्या भागातून काढलेली असते. पातळी दर वेळी एका ठरावीक उंचीपर्यंत उतरून तेथेच थांबत असेल, तर आधी क्लच तपासावा. क्लच पेडलमागे गालिचा उचलून हात फिरवावा, स्लेव्ह सिलिंडरची (गियरबॉक्सकडच्या टोकाला क्लच हलवणाऱ्या सिलिंडरची) रबरी टोपी पाहावी, आणि स्लेव्ह सिलिंडर गियरबॉक्सच्या घंटेच्या (क्लचभोवतीच्या घंटेच्या आकाराच्या आवरणाच्या) आत असेल तर घंटेखालील छिद्राशी ओल आहे का ते पाहावे.

टाकीच्या आत बहुधा मधली भिंत असते, आणि तिच्यामुळे दोन मार्गांचे फ्लुइड एका ठरावीक पातळीखाली वेगळे राहते. कोणत्या कप्प्यातील पातळी उतरली, यावरून कोणत्या मार्गात गळती आहे हे कळते. फक्त त्या गाडीतील मार्ग पुढचे व मागचे असे विभागले आहेत की तिरके, हे आधी माहीत करून घ्यावे.

चाचणी घेताना होणारी चूक म्हणजे पेडल फक्त जोरात दाबून पाहणे. गंजलेली नळी किंवा सैल झालेला जोड जास्त दाबाखाली गळतो, हे खरे आहे. याउलट सिलिंडरमधील कप सील जास्त दाबाखाली भिंतीवर अधिक घट्ट बसते आणि कमी दाबाखाली गळू शकते. म्हणून दोन्ही चाचण्या घ्याव्यात. प्रत्येक जोड पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करावा आणि त्याभोवती टिश्यू पेपर गुंडाळावा. मग इंजिन चालू ठेवून मदतनिसाला पेडल जोरात धरायला सांगावे. त्यानंतर इंजिन बंद करून सीट व पेडल यांमध्ये लाकडी दांडा अडकवावा आणि हलक्या दाबाखाली गाडी रात्रभर ठेवावी. अशा वेळी ब्रेक लाइट पेटत राहून बॅटरी उतरते, त्यामुळे आधी बॅटरीची वायर काढावी. गाडीखाली जाऊन पाहायचे असेल, तर ती केवळ जॅकवर नव्हे, घोड्यांवर (आधाराच्या पक्क्या स्टँडांवर) उभी असावी.

नळ्या पाहताना उघडा दिसणारा भाग तपासून थांबू नये. गंज क्लिपांखाली, इंधनटाकीच्या वर आणि गाडीच्या तळाला मारलेल्या संरक्षक लेपाच्या आत लपतो. झिरपणारा जोड अधिकाधिक आवळणे हीही नेहमीची चूक आहे. त्याने नळी पिळली जाते किंवा तिचे फुलवलेले टोक चिरडते. तांब्याचे वायसर एकदा सोडल्यावर नवेच घालावेत. गंजलेल्या नळीचा तुकडा कापून रबरी नळी किंवा दाबाने बसणारा जोड घालणे ब्रेकच्या दाबाला अजिबात योग्य नाही, तेथे पूर्ण नळीच बदलावी.

पेडल धरून ठेवल्यावर हळूहळू खाली बसते, पण टाकीतील पातळी तशीच राहते, अशी तक्रारही असते. तेथे बाहेर गळती शोधून उपयोग नाही, कारण फ्लुइड मास्टर सिलिंडरच्या आतच सीलच्या बाजूने मागे जात असते.

गळती रोखण्याचा दावा करणारी औषधे या यंत्रणेत कधीही घालू नयेत. खनिज तेलाचा थोडा अंशही ग्लायकॉल फ्लुइडच्या यंत्रणेतील रबर फुगवतो आणि मग एका सीलऐवजी सगळीच सील बदलावी लागतात. गळती दाखवणारा रंग वापरायचा झाला, तर तो ब्रेक फ्लुइडसाठी बनवलेला असावा.

जुन्या गाडीत सील निकामी होण्याचे मूळ बहुधा जुन्या फ्लुइडमध्ये असते. ग्लायकॉल फ्लुइड हवेतील ओलावा शोषते, सिलिंडर आतून गंजतो आणि खडबडीत झालेली भिंत सील कापते. डॉट ४ साठी कोरड्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा शोषलेल्या फ्लुइडसाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. खड्डे पडलेल्या सिलिंडरमध्ये नुसते सील बदलले, तर तेही लवकरच कापले जाते. दुरुस्तीनंतर यंत्रणेतील हवा काढतानाही जुन्या मास्टर सिलिंडरचे पेडल तळापर्यंत मारू नये. नेहमीच्या चालीच्या पलीकडे असलेल्या गंजलेल्या भागावर सील घासते आणि चांगला चालणारा सिलिंडर त्याच दिवशी गळू लागतो. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवून त्याची चाल मर्यादित करावी आणि काम झाल्यावर हलक्या व जोराच्या अशा दोन्ही दाबांची चाचणी पुन्हा घ्यावी.