कुरडयांचा रविवार: काय कधी करायचं आणि काय अजिबात करायचं नाही

आमच्याकडे जळगावला मे महिन्यात पारा 43-44 ला टेकतो आणि मग सगळे ऊन ऊन करत बसतात, पण वाळवणाला असलंच ऊन लागतं त्यामुळे माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती एका दिवसात सगळं उरकायच्या हौसेची. पहिल्या वर्षी मी एकाच रविवारी कुरडया, बटाट्याचा कीस, साबुदाण्याचे पापड, वर मिरच्या वाळवणं आणि पडदे धुणं असं सगळं काढलं होतं, संध्याकाळी कीस काळपट, पडद्यांवर मिरचीची धूळ आणि मी आडवी. तेव्हापासून ठरवलंय, एका दिवशी एक मोठं काम आणि जोडीला एक छोटं, बस. त्यातही मोठं काम गॅसवरून सकाळी 8 च्या आत उतरलं पाहिजे. बाकीचं सगळं त्याच्या मागे.

तर कुरडया. रविवारी घालायच्या असतील तर बुधवारी रात्री गहू भिजत घालायचे. आम्ही लोकवन घेतो, 2 किलो पुरतात चार माणसांच्या घराला, नातेवाईकांना वाटायचे असतील तर तुमचं तुम्ही बघा. गुरुवार, शुक्रवार, शनिवार रोज सकाळी पाणी बदलायचं, आणि हे विसरायचं नाही हं, उन्हाळ्यात एक दिवस पाणी बदललं नाही की असा वास सुटतो की शेजारच्या काकू दार वाजवून विचारतात काही मेलंय का. थोडा आंबूस वास येणारच, तो चालतो. शनिवारी संध्याकाळी गहू चिमटीत दाबून बघा, पांढरं दूध बाहेर आलं पाहिजे. नाही आलं तर रविवारचा कार्यक्रम सोमवारी, उगाच घाई करून चीक, म्हणजे गव्हाचं ते पांढरं सत्त्व, कमी निघतो आणि चोथाच जास्त.

वाटताना मिक्सरचं भांडं अर्धंच भरा, पाणी घाला, थांबून थांबून फिरवा. एकाच वेळी गच्च भरून फिरवलं की मिक्सर तापून बंद पडतो आणि मग रात्री 9 वाजता कोणाचा मिक्सर मागायला जाणार. वाटलेलं हाताने चोळून चाळणीतून गाळा, मग तेच पातळ सुती कापडातून परत एकदा. चोथ्यात पाणी घालून अजून एकदोनदा पिळा, भरपूर निघतं त्यातून. राहिलेला चोथा टाकू नका, तिखट, मीठ, जिरं, लसूण घालून भुसवड्या घालता येतात, कुरडया ज्या प्लास्टिकच्या कागदावर घालतो त्याच्याच कोपऱ्यात वाळतात बिचाऱ्या.

हे गाळलेलं पाणी मोठ्या पातेल्यात रात्रभर हलवायचं नाही. चीक खाली बसतो, वर पिवळसर पाणी येतं. पातेलं मात्र थंड पाणी भरलेल्या परातीत ठेवा, कारण उकाड्यात चीक रात्रीत जास्त आंबतो आणि कुरडई मग तोंडात आंबट लागते. झोपायच्या आधी एकदा वरचं पाणी हळूच ओता, वाटीभर ताजं पाणी घाला, सकाळी परत ओता. साबुदाणाही त्याच रात्री भिजत टाकून ठेवा, ते आपलं छोटं काम.

आता रविवार. 5 ला उठायचं, हो 5 ला. आमच्याकडे नळ दिवसाआड येतो तेही पहाटे, त्यामुळे पाणी भरणं आणि वाळवण एकाच दिवशी आलं तर पाणी भरायचं काम सरळ नवऱ्याकडे किंवा पोरांकडे द्या, तुम्ही चिकापासून हलायचं नाही. गच्ची आदल्या संध्याकाळीच झाडून पुसून ठेवलेली असावी. सकाळी झाडली तर धूळ परत बसते ओल्या कुरडयांवर, दाताखाली कचकच.

चीक वाटीने मोजा. जेवढा चीक तेवढं पाणी आधणाला ठेवा, चीक अगदी दगडासारखा बसला असेल तर वाटीभर जास्त. पाण्यात मीठ आणि हिंग. मीठ नेहमीपेक्षा कमी टाका कारण वाळल्यावर पाणी उडतं आणि मीठ तिथंच राहतं, खारट कुरडई कोणी खात नाही. पाणी खळखळ उकळलं की गॅस बारीक, आणि एकाने चीक बारीक धारेने ओतायचा, दुसऱ्याने ढवळायचं. हे एकट्याने करू नका, मी केलंय, लाडूएवढ्या गुठळ्या झाल्या होत्या. ढवळायला जुनं लाटणं सगळ्यात बेस्ट, चमचे वाकतात. चीक पटकन घट्ट होतो, हात भरून येतो, तरी थांबायचं नाही. मग झाकण ठेवून बारीक गॅसवर 5-7 मिनिटं वाफ. झाला की नाही कसं कळतं? पांढरेपणा जाऊन काचेसारखी चमक येते, आणि बोट ओलं करून टेकवलं तर चिकटत नाही. कच्चा राहिला तर वाळल्यावर कुरडईचे तुकडे पडतात आणि तळताना फुलत नाही, तेव्हा इथे कंजूषी नको.

सोऱ्याला आतून तेलाचा हात, शेवेची मधली चकती, आणि चीक गरम असतानाच घालायच्या. गार झाला की दाबताना जीव जातो. पातेलं गच्चीवर नेताना झाकून न्या, सगळा एकदम सोऱ्यात भरू नका. पितळी सोऱ्या तापतो, फडकं गुंडाळून धरा. प्लास्टिकच्या चार कोपऱ्यांना विटा ठेवा, नाहीतर 11 च्या गरम वाऱ्याला अख्खा कागद दुमडतो. सासूबाई जुन्या धोतरावर घालायच्या आणि उलटून मागून पाणी शिंपडून सोडवायच्या, छान निघायच्या, पण आता मला तेवढा वेळ नाही, प्लास्टिकच बरं.

साडेआठ-नऊला खाली या. आता साबुदाण्याचे पळीपापड. एक वाटी साबुदाण्याला 6 वाट्या पाणी उकळा, मीठ जिरं घाला, साबुदाणा घालून पारदर्शक होईपर्यंत शिजवा, पळीने ओतून जरा पसरवा. हे गार झाले तरी चालतं म्हणून ते दुसऱ्या नंबरवर. गच्चीवर जाताना मात्र चप्पल घाला, दहाला फरशी तापलेली असते.

त्या दिवशीचा स्वयंपाक वेगळा करायचा नाही. हा माझा सगळ्यात पक्का नियम आहे. जेवणापुरता शिजलेला चीक पातेल्यात राखून ठेवायचा, कोणाला तूप-साखर-दूध घालून, कोणाला तेल-तिखट घालून, जेवण झालं. सासरे पहिल्यांदा म्हणाले भाजी-पोळी नाही का, मी म्हटलं बाबा, तुमच्या आईने तरी केली असती का या दिवशी? हसले आणि दोन वाट्या खाल्ल्या. पन्ह्याच्या कैऱ्या आदल्या रात्री कुकरला लावून गर काढून ठेवलेला असला की दुपारी फक्त गूळ-वेलची-मीठ घालून ढवळायचं.

पातेलं गार पाण्यात भिजवा. गरम पाणी ओतलं तर चीक परत शिजून अजूनच चिकटतो, घासून घासून नख तुटतं. आणि खरवडलेला चीक सिंकमध्ये सोडू नका, कागदावर काढून कचऱ्यात टाका. एका उन्हाळ्यात आमची मोरी तुंबली, प्लंबरला पैसे दिले तेवढ्यात तयार कुरडया आल्या असत्या.

12 ते 4 काही करायचं नाही. कपडे मशीनला लावा हवं तर, पण वाळत घालायला वर नको, पाणी ठिबकतं, बाल्कनीत घाला. कपाट आवरणं, पंखे पुसणं असली कामं आज मनात पण आणू नका. कावळे-चिमण्यांसाठी पोरांना जिन्यात सावलीत बसवा, मोबाईल द्या, तेवढा एक दिवस चालतो.

5 वाजता वर जाऊन बघा. कडा सुटल्या असतील तर हलकेच उलटा, नसतील तर छेडू नका, उद्या निघतील. दोघातिघांनी कागद धरून अख्खाच्या अख्खा खाली आणायचा आणि पंख्याखाली ठेवायचा, कारण या दिवसात कधी वळीव येईल सांगता येत नाही. ढग दिसले तर सकाळचाच बेत रद्द करा, भिजलेली कुरडई बुरसते, तिला काही उपाय नाही. पुढचे 2-3 दिवस रोज ऊन. दोन कुरडया एकमेकींवर आपटल्या आणि खडखड वाजल्या की झाल्या, मग पूर्ण गार करून डब्यात. गरम गरम भरल्या तर डब्यात वाफ धरते.

बिबड्यांचं मी इथे मुद्दाम काढत नाही, ज्वारीचं ते प्रकरण वेगळं आहे, त्याला वेगळा रविवार.

आणि डब्याच्या तळाशी जो चुरा जमतो ना तो फेकू नका. कोमट पाण्यात 10 मिनिटं भिजवा, निथळा, भरपूर कांदा तेलावर लाल करा, तिखट हळद मीठ, त्यात तो चुरा, एक वाफ. पावसाळ्यात भाजी महाग झाली की आमच्याकडे आठवड्यातून एकदा हीच असते, भाकरीबरोबर.