किल्लीतला ‘नवा’ सेल दीड महिन्यात का संपला? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात गाडीच्या रिमोट किल्लीत नाण्यासारखा चपटा नवा लिथियम सेल टाकला आणि दीड महिन्यात गाडी ओळख दाखवेना. छत्री मानेत धरून बटण दाबतोय, गाडी ढिम्म. शेवटी रिमोटच्या पोटातली लोखंडी किल्ली काढून दार उघडलं. घरी आल्यावर ड्रॉवरमधली उरलेल्या चार सेलची पट्टी उलटी करून पाहिली, तर मागे बारीक अक्षरांत छापलेली मुदत तीन वर्षांपूर्वीच उलटून गेलेली! न वापरलेला सेल म्हणजे ताजा सेल, ही पहिली चूक.

दुसरी चूक दुकानात होते. पाचाच्या पट्टीतून दुकानदार कात्रीने एक सेल कापून देतो आणि तारखेचा तुकडा त्याच्याकडेच राहतो. अख्खी पट्टी हातात मागा. छापलेला महिना-वर्ष उत्पादनाचा आहे की मुदतीचा, ते शेजारचे शब्द वाचून ठरवा. एमआरपीजवळ बहुतेक वेळा उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना असतो. चांगल्या लिथियम सेलची ताकद नुसता पडून राहिला तर वर्षाला साधारण एक टक्का कमी होते, म्हणून दोन वर्षांपूर्वीचा सेल बघून नाक मुरडू नका. सहा-सात वर्षांचा मात्र मी घेत नाही. तारीखच नसलेला सुटा सेल तर फुकटही नको.

घाईत नंबरही चुकतो. सीआर२०३२ म्हणजे २० मिमी व्यास आणि ३.२ मिमी जाडी. सीआर२०२५ तेवढाच रुंद, पण २.५ मिमी जाड. तो बसतो, पण सैल राहतो. मग खड्ड्यात गाडी आदळली की किल्ली बंद, आणि शिव्या बिचाऱ्या सेलला. एलआयआर२०३२ दिसायला जुळा भाऊ, पण तो चार्जिंगचा, ३.६ व्होल्टचा. तो किल्लीत घालू नका.

आता मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र. मीही त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचो. ताजा सेल ३.२ व्होल्टच्या आसपास दाखवतो. पण बराच वापरलेला सेलही आरामात ३ दाखवतो, कारण या सेलचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत टिकतो आणि मग एकदम कोसळतो. आतून वाढलेला असतो तो त्याचा रोध, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, आणि सेलवर काही भार न टाकता केलेल्या मोजणीत तो दिसत नाही. म्हणून १०० ओहमचा रेझिस्टर (भार टाकणारा छोटा सुटा भाग) सेलच्या दोन्ही बाजूंना लावून, एक-दोन सेकंदच, मल्टिमीटरवरचा आकडा बघा. ताज्याचा थोडा उतरून थांबतो, थकलेल्याचा बघता बघता घसरत जातो. पेन्सिल सेल टेबलावर आपटून कळतं म्हणतात, ती युक्ती इथे चालत नाही.

साठवणीतही घोळ होतो. जास्तीचे सेल गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवू नका, उन्हाळ्यात तिथे भट्टी असते. चिल्लरच्या डबीतही नकोत. नाण्याला टेकून शॉर्ट झाला की नवाकोरा सेल घरबसल्या संपतो. बदलताना लोखंडी चिमटा टाळा, त्यानेही तेच होतं.

इतकं करूनही सेल टिकत नसेल, तर किल्लीत सेलला टेकणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या दबल्यात का बघा. काही सेलवर मुलांनी तोंडात घालू नये म्हणून कडू लेप असतो, तो संपर्क अडवू शकतो; स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्या. आणि खिशातल्या घट्ट कव्हरने बटण सतत दाबलं जातंय का, तेही तपासा.

काढलेल्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्यात द्या. टेबलावर टाकून उठू नका. लहान मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आत भाजतं. अशा वेळी वाट न पाहता थेट रुग्णालय.